क्षमा केली म्हणजे बिल माफ केलं असं नाही



गाडीचं मोठं काम करून आणलं आणि चार दिवसांत ती पुन्हा बंद पडली, की आपल्या घरांत दोनच प्रकार दिसतात. पुरुषमंडळी गॅरेजवर जाऊन आवाज चढवतात, नाहीतर आपण बायका म्हणतो, "जाऊ दे, कशाला कर्म बांधायचं?" मला दोन्ही पटत नाही. पहिल्यात क्रोध आहे आणि दुसऱ्यात आळस. त्या आळसाला आपण क्षमा म्हणतो, ते तर मुळीच बरोबर नाही.

क्षमा म्हणजे मनातलं वैर सोडणं. श्वेतांबर घरांत संवत्सरीला मिच्छामि दुक्कडम् म्हणतात, दिगंबर घरांत दशलक्षण पर्वाची सुरुवातच उत्तम क्षमेने होते. पण आपल्याकडे प्रायश्चित्ताची पहिली पायरी आलोचना आहे. झालेला दोष गुरूंपुढे जसाच्या तसा सांगायचा. म्हणजे दोष झाकून ठेवून पुढे जायचं, असं आपला धर्म सांगत नाही. बी.कॉम.ला हिशेबातही आम्हाला हेच शिकवलं. वहीत चूक सापडली तर खाडाखोड करायची नाही आणि तशीच सोडायचीही नाही, दुरुस्तीची वेगळी नोंद करायची.

मावळात हा प्रश्न नुसत्या पैशांचा नाही. आपल्याला उठल्यासुटल्या बोरघाट आहे. खोपोलीहून खंडाळ्याला चढताना इंजिन तापतं, उतरताना सगळा भार ब्रेकवर येतो, आणि पावसाळ्यात धुक्यात चार हातांवरचं दिसत नाही. तत्त्वार्थसूत्राने हिंसेची व्याख्या प्रमादाशी जोडली आहे. न आवळलेला नट हा प्रमादच. आज आपण गप्प बसलो तर तोच हात उद्या दुसऱ्या कुणाच्या गाडीचे ब्रेक तसेच ढिले ठेवील.

गेल्या पावसाळ्यात आमच्या गाडीच्या इंजिनाचं हेड गॅस्केट बदललं. बिल 28,000 रुपये. पाचव्या दिवशी घाट चढताना तापमानाचा काटा लाल रेघेकडे गेला. गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं आणि गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, असं सगळ्यांना बजावलं. दुसरा मेकॅनिक तिथेच काम करायला तयार होता. त्याला आम्ही नको म्हटलं, फोटो काढले आणि गाडी टो करून पहिल्याच गॅरेजवर नेली. कारण दुसऱ्याने हात लावला, की पहिला म्हणणार, "त्यानेच बिघडवलं."

मालक आधी म्हणाले, "काकू, गाडी जुनी आहे, घाटात असं होतंच. साहेबांना फोन द्या ना." मी म्हटलं, बिल मी भरलं आहे, मलाच सांगा. गाडी माझ्यासमोर उघडायला लावली. खालच्या होज पाइपची क्लिप ढिली होती आणि कूलंट तिथूनच गळून गेलं होतं. मग वाद उरलाच नाही. मजुरी, कूलंट आणि टोइंगचे 3,500 त्यांनी सोसले. रेडिएटरचं झाकण मूळचंच झिजलेलं होतं, त्याचे पैसे आम्ही दिले. नव्या बिलावर "आधीच्या कामातील दोषाची दुरुस्ती" असं लिहून घेतलं.

मालक अडून बसले असते तर? कॉलेजात मर्कंटाइल लॉ शिकलेल्यांना आठवत असेल, 1872 च्या भारतीय करार कायद्यात कलम 151 आहे. दुसऱ्याची वस्तू ताब्यात घेणाऱ्याने शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेतो तेवढी काळजी घ्यायची. त्याच कायद्याचं कलम 170 कारागिराच्या बाजूने आहे. केलेल्या कामाचा योग्य मोबदला मिळेपर्यंत तो वस्तू अडवून ठेवू शकतो. म्हणून गाडी अडवली तर हमरीतुमरी नको. बिलावर "हरकत नोंदवून रक्कम दिली" असं लिहून पैसे भरा, गाडी सोडवा आणि मग लेखी तक्रार द्या.

त्याने भागलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा नंबर आहे. त्यापुढे पुण्याचा जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, मग गॅरेज मुंबईचं का असेना. मुदत दोन वर्षांची. मोबदल्याची रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही आणि वकीलही सक्तीचा नाही. पण जॉब कार्ड, बिल, बदललेले जुने पार्ट आणि फोटो जपून ठेवायला हवेत. पक्कं बिल टाळून चार पैसे वाचवायचा मोह आपल्यालाच असतो, हेही खरं.

आता आपली बाजू. अचौर्य व्रताच्या अतिचारांत खोटा माल खरा म्हणून खपवणं येतं. ते नकली पार्ट बसवणाऱ्याला लागू आहे. पण सत्यव्रताच्या अतिचारांत खोटा लेख करणंही आहे, आणि ते आपल्याला लागू आहे. 3,500 च्या टोइंगचे 6,000 सांगणं, जुना बिघाड या निमित्ताने फुकटात करून घेणं, विम्यासाठी बिलात फेरफार करायला लावणं, हे करायचं असेल तर मेकॅनिकच्या चुकीबद्दल बोलण्याचा अधिकार उरत नाही. सोसायटीच्या ग्रुपवर गॅरेजचं नाव घेऊन चार तिखट ओळी टाकणं ही निंदा झाली, तक्रार नव्हे.

आणखी एक. चूक बहुतेक वेळा मालकाच्या हातून नाही, हाताखालच्या पोराच्या हातून होते. भरपाई मागताना मालकाला स्पष्ट सांगा, "हे पैसे त्याच्या पगारातून कापू नका. काम तपासून गाडी बाहेर सोडणं तुमचं होतं." आम्ही सांगितलं. आठ-दहा हजारांवर घर चालवणाऱ्या पोराकडून आपली भरपाई वसूल झाली, तर आपला हिशेब जुळेल, पण मन स्वच्छ राहणार नाही.

म्हणून मैत्रिणींनो, चूक झाली असेल तिथे चूक म्हणा, शांतपणे आणि कागदावर म्हणा, जेवढं नुकसान झालं तेवढंच मागा. त्या माणसाबद्दल मनात काही ठेवू नका. दोन्ही एकाच वेळी करता येतं.