खाण तशी माती?

मूल हुशार निघालें तर कुळाचा गुण, मंद निघालें तर तोहि कुळाचाच वारसा, असा निवाडा एकत्र कुटुंबांत फार लवकर होतो. “खाण तशी माती” या म्हणीवर भिस्त ठेवून पोराचें भवितव्य ठरविण्यापूर्वीं वाचकांनीं एका माशाची हकीकत ऐकावी.

आफ्रिकेंतील गोड्या पाण्यांत ‘बिचिर’ नांवाचा मासा आढळतो. त्यास कल्ल्यांखेरीज फुफ्फुसेंहि असतात, व छातीजवळच्या जाड परांवर भार देऊन तो जमिनीवर थोडाबहुत चालूंहि शकतो. कॅनडांतील मॅक्‌गिल विद्यापीठांत एमिली स्टँडन, ट्रिना डू व हान्स लार्सन यांनीं याचीं कोंवळीं पिलें घेतलीं. कांहीं नेहमींप्रमाणें पाण्यांत वाढविलीं, व बाकीचीं आठ महिने जमिनीवर ठेविलीं. तेथें तळाशीं कांहीं मिलिमीटर पाणी व वरून तुषार, इतकीच ओल होती. प्रयोगाचें फलित २०१४ सालीं ‘नेचर’ या नियतकालिकांत प्रसिद्ध झालें.

जमिनीवर वाढलेलीं पिलें डोकें अधिक उंच धरून व पर अंगाशीं घेऊन चालूं लागलीं. त्यांचे पर घसरतहि कमी. त्याहून महत्त्वाचें म्हणजे त्यांचीं हाडेंच पालटलीं. छातीकडील हाडांची जोडणी बळकट झाली, आणि खांद्याच्या हाडांचा कवटीशीं असलेला संबंध सैल पडून डोकें हलविण्यास अधिक वाव मिळाला.

एरवीं माशास मान नसते. ती प्रथम कशी आली, हा उत्क्रांतिशास्त्रांतील मोठा प्रश्न आहे. २००४ सालीं कॅनडाच्या उत्तरेकडील एल्समिअर बेटावर ‘टिक्टालिक’ या सुमारें ३७.५ कोटी वर्षांपूर्वींच्या माशाचे अवशेष सांपडले. त्याचें डोकें खांद्यापासून सुटें आहे. चतुष्पादांच्या उदयकाळीं सांगाड्यांत जे फरक लक्षावधि वर्षांत झाले, त्याच दिशेचे कांहीं फरक या पिलांत आठ महिन्यांत दिसले.

यावरून आईबापांनीं कमावलेलीं हाडें संततीस आयतीं मिळतात, असें मात्र ठरत नाहीं. वारशानें येते ती परिस्थितीप्रमाणें घडण्याची शक्ति. तिच्या बळावर जीव नव्या ठिकाणीं तग धरतो, आणि पुढें पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीनें तो पालट कायमचा होत असावा, असें या शास्त्रज्ञांचें अनुमान आहे. बीजाची मर्यादाहि विसरतां येत नाहीं. रोहूचें पिलू असें जमिनीवर ठेविलें तर तें मरेल.

माशाच्या हाडांवरून मुलांच्या बुद्धीविषयीं सिद्धांत बांधणें हा अतिव्याप्तीचा दोष होईल. तथापि “आमच्या घराण्यांत गणित नाहीं” म्हणून मुलीस तो विषय सोडावयास लावणाऱ्या, किंवा तिसरींतल्या पोरास “काकावर गेला” म्हणून मोडींत काढणाऱ्या वडील मंडळींस एवढेंच विचारावेंसें वाटतें, कीं निवाडा देण्यापूर्वीं त्या लेकरांस आठ महिने तरी आपण नीट दिलेत काय?