प्रमाण आणि प्रमाणें

दिवाळीच्या सुटींत अंगणांत किल्ला रचणाऱ्या मुलांचें राज्य मोठें उदार असतें. मातीच्या उतारावर अळीव पेरून हिरवळ करावी, आरशाच्या तुकड्याचें तळें करावें, आणि बाजारांतून आणलेला मावळा दरवाजाशीं उभा करावा, तों तो दरवाजाहून चार बोटें उंच! पहारेकऱ्यास आपल्याच किल्ल्यांत वाकूनहि शिरतां येणार नाहीं, याची खंत ना मुलांस, ना पाहणारांस. आम्हीं स्वतः असले किल्ले केले, आमच्या मुलांनीं केले, आणि कोणीहि मोजपट्टी घेऊन तक्रार केली नाहीं.

परंतु आमचा थोरला नातू आतां पंधराव्या वर्षांत आहे, आणि गेलें वर्षभर आमच्या माडीवर ज्या उद्योगानें ठाण मांडलें आहे, त्यांत ही उदारता मुळींच चालत नाहीं. हा उद्योग म्हणजे खऱ्या लष्करी वाहनांच्या प्रमाणबद्ध प्रतिकृति करणें. गेल्या खेपेस आम्हीं त्याचा ओझरता उल्लेख केला, तेव्हां कांहीं वाचकांनीं विचारलें कीं, हा खेळ कीं अभ्यास, आणि सुसंस्कृत घरांत रणगाडा हवाच कशाला? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. ते आमच्या घरांतहि उठले होते. आमच्या वडील भगिनी, ज्यांना सारें घर अक्का म्हणतें, त्यांनीं तर पहिल्याच दिवशीं बजावलें, "हें संहाराचें यंत्र देवघराच्या भिंतीला लागून ठेवूं नका." तेव्हां घडलें तसें सांगणें, हेंच या प्रश्नांचें उत्तर, त्यांत आमची एक चूकहि कबूल करावी लागणार आहे.

प्रथम मापाविषयीं. या प्रतिकृतींत सर्वांत रूढ असलेलें प्रमाण एकास पस्तीस, म्हणजे मूळ वस्तूचा पस्तिसावा अंश. हा चमत्कारिक आंकडा कोठून आला, असें आम्हांस वाटे. त्याचें मूळ जपानांतील शिझुओका शहरांत आहे. तेथील तामिया या कारखान्यानें १९६१ सालीं 'पँथर' नांवाच्या जर्मन रणगाड्याची मोटारीवर चालणारी प्रतिकृति काढली. तिच्या पोटांत विजेचे सेल आणि मोटार मावावी, इतकाच हिशेब होता. मागाहून मोजून पाहिलें, तों ती मूळ रणगाड्याच्या सुमारें एक-पस्तिसांश भरली, आणि तेंच माप पुढें जगभर रूढ झालें! सेलांच्या सोईंतून जन्मलेलें हें माप आतां धर्मशास्त्राप्रमाणें पाळलें जातें, ही गोष्ट रूढींचा अभ्यास करणारांनीं ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

मूळ चालू तेव्हां साधें त्रैराशिक मांडावें. पांच फूट नऊ इंचांचा मनुष्य या मापांत पांच सेंटिमीटरांचा होतो. नातवानें निवडलेला टी-५५ हा रशियन बनावटीचा रणगाडा तोफेसह सुमारें नऊ मीटर लांब; तो मेजावर पंचवीस-सव्वीस सेंटिमीटर जागा घेतो. मात्र वजनाला हें त्रैराशिक लागू पडत नाहीं. लांबी, रुंदी व उंची ही तिन्ही पस्तीस पटींनीं घटतात. म्हणून वजन ३५ च्या घनानें, म्हणजे ४२,८७५ नीं भागावें लागतें. छत्तीस टनांचा तो अजस्र गाडा एकाच मापानें व त्याच पोलादाचा केला, तर एक किलोहूनहि कमी भरेल! आमच्या अध्यापनाच्या काळीं घनमूळ शिकवितांना हें उदाहरण ठाऊक असतें, तर कितीएक मुलांच्या जांभया वांचल्या असत्या. उलट अंगानें पाहिलें तर ही विद्या निर्दय आहे: प्रतिकृतींतील एका मिलिमीटरची चूक ही मूळ वाहनांतील साडेतीन सेंटिमीटरांची चूक होय.

पेटींत प्लॅस्टिकचे शेंकडों भाग चौकटींना लगडलेले येतात. ते धारदार पातीनें कापावे, कानशीनें व पॉलिश पेपरनें घासावे, सोनारी चिमट्यानें उचलून डिंकवावे. सांखळीपट्ट्याचे दुवे सुटे असतील, तर टी-५५ ला एका बाजूसच नव्वदांच्या घरांत दुवे ओंवावे लागतात. हें काम वाती वळण्यासारखें आहे, आणि अक्कांनीं कुतूहलानें पाहिलेला त्या उद्योगाचा हा पहिलाच भाग. बुरूज ओतीव पोलादाचा असल्यामुळें त्याचा पृष्ठभाग खरबरीत दिसला पाहिजे. त्यासाठीं पातळ केलेली लांबी जुन्या कुंचल्यानें टोंचून बसवितात. रंगहि डब्यांतला जसाच्या तसा देत नाहींत. लहान वस्तूवर गडद रंग अधिकच काळा दिसतो, म्हणून त्यांत किंचित् फिका रंग मिसळावा लागतो.

पण हें सारें हस्तकौशल्य. खरी विद्या पुढेंच आहे: अमुक भाग असाच होता, हें ठरवावयाचें कशावरून? येथें आमचें जुनें संस्कृत कामास आलें. मराठींत 'प्रमाण' म्हणजे माप, आणि न्यायशास्त्रांत 'प्रमाण' म्हणजे यथार्थ ज्ञानाचें साधन. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहांत प्रत्यक्ष, अनुमान, उपमान व शब्द अशीं चार प्रमाणें सांगितलीं आहेत. आम्हीं नातवास म्हटलें कीं, तुझ्या माडीवर तीं चारही नांदत आहेत. पेटींतील पुस्तिका हा शब्द. छायाचित्रांतील ज्ञात मापावरून अज्ञात माप काढणें हें अनुमान. 'गाईसारखा तो गवय' असें ऐकून रानांत गवय ओळखावा, तसें प्रतिकृतीवरून खरा रणगाडा ओळखणें हें उपमान. आणि प्रत्यक्ष तर प्रत्यक्षच!

त्या प्रत्यक्षासाठीं आम्ही दोघे गेल्या उन्हाळ्यांत अहिल्यानगरास जाऊन आलों. त्या शहराचें अहमदनगर हें नांव २०२४ सालीं बदललें. तेथें चिलखती दलाचें रणगाड्यांचें संग्रहालय १९९४ पासून आहे. १९६५ च्या युद्धांत पाकिस्तानकडून हस्तगत केलेला पॅटन आणि मद्रासजवळ आवडी येथें बांधलेला आपला विजयंता हे तेथें पाहतांना नातवानें आम्हांस चाकें मोजावयास शिकविलें. विजयंत्यास एका बाजूस सहा चाकें, आणि वर पट्टा उचलून धरणाऱ्या तीन लहान फिरक्या. टी-५५ ला चाकें पांचच, वर फिरक्या नाहींत, आणि पहिल्या व दुसऱ्या चाकांत इतरांहून मोठी मोकळी जागा. एवढी एक खूण ध्यानीं ठेविली, तर दुरूनहि घोटाळा होत नाहीं.

परतीच्या वाटेवर एका गांवच्या चौकांत, चौथऱ्यावर, तशींच पांच चाकें असलेला रणगाडा दिसला. खालीं पाटी होती: टी-५५. आम्ही मोटारींतून उतरलों. अशा उघड्यावरच्या रणगाड्यांची दशा काय सांगावी! झांकणें डागून बंद केलेलीं, दिवे नाहींसे झालेले, मागचीं दोन इंधनाचीं पिंपें व चिखलांतून निघण्यासाठीं बांधलेला ओंडका बेपत्ता, आणि अंगावर कुंपणाचा उरलेला चकचकीत रंग. तरी नातवानें वहींत रेखाटनें केलीं. बुरुजाच्या माथ्यावर उजव्या झांकणापुढें उपड्या वाटीसारखा एक टोप होता. "आजोबा," तो म्हणाला, "हा टोप पुस्तिकेंत जोडूं नये असें आहे. भाग पेटींत आहे, पण त्यावर फुली मारली आहे."

आम्हीं क्षणाचाहि विचार न करतां निवाडा दिला: "डोळ्यांपुढें उभा असतां पुस्तकाचें काय घेऊन बसलास? बसव टोप." मुलगा घुटमळला, पण चाळीस वर्षें मास्तरकी केलेल्या आजोबांपुढें त्याचें काय चालणार? टोप बसला.

आमच्या गल्लींत एक सेवानिवृत्त दफादार राहतात. वय सत्तरीपार; ऐन उमेदींत ते चिलखती दलांत टी-५५ वर तोफेंत गोळा भरण्याच्या कामावर होते. गेलीं तीन वर्षें त्यांची दृष्टि कांचबिंदूनें जवळजवळ गेली आहे. नातवानें रणगाडा केला हें कळतांच ते काठी टेकीत आले. "मास्तर, पाहूं द्या आमची गाडी," म्हणाले, आणि दोन्ही हात पुढें केले.

नातवानें ती प्रतिकृति त्यांच्या ओंजळींत ठेविली. बोटें तोफेच्या तोंडापासून निघालीं. चाकें मोजलीं, पहिल्या चाकामागची फट सांपडली तेव्हां चेहरा उजळला. डाव्या बाजूस मागें धूर बाहेर पडण्याचें तोंड सांपडलें. मग बोटें बुरुजावर चढलीं, आणि टोपाशीं येऊन थांबलीं. पुन्हां चांचपलें. "हें काय आहे?"

"टोप, दफादार आजोबा."

"आमच्या डोक्यावर टोप नव्हता, बाळ. तो चौपन्नाला होता. आमची पंचावन्न." त्यांनीं प्रतिकृति हलकेच मेजावर ठेविली. "छान केलीस. पण ही आमची गाडी नव्हे."

मुलानें आमच्याकडे पाहिलें; बोलला मात्र कांहींच नाहीं. टी-५४ ही त्या घराण्यांतली आधींची गाडी. टी-५५ चें उत्पादन १९५८ पासूनचें. आपल्या सैन्यांत दोन्ही होत्या. चौकांतली पाटी चुकली होती. पाटी हा शब्द, तो आम्हीं डोळे मिटून घेतला, आणि त्यालाच प्रत्यक्ष समजून बसलों! शिंपल्यावर रुप्याचा भास होतो, तेव्हां शिंपला खोटा नसतो. पाहणारा उतावळा असतो, एवढेंच. फुलीची आठवण देणारा मुलगा सावध होता, आणि शास्त्र सांगणारे आजोबा बेसावध. आम्हीं तेथेंच, दफादारांच्या देखत, चूक आमची असल्याचें सांगितलें. आमच्या पिढीस हें सोपें जात नाहीं. पण न सांगतां तर मुलाच्या हातून झालेली चूक ठरली असती.

पुढचे तीन दिवस संध्याकाळीं मुलगा पातीनें टोप सोलीत होता. जागा घासली, लांबी भरली, कुंचल्यानें खरबरीत केली, पुन्हां रंगविली. चौथ्या दिवशीं दफादार आले. या खेपेस बोट टोपाच्या जागेवरून सरळ पुढें सरकलें, उजव्या झांकणाशीं गेलें आणि तेथेंच राहिलें.

"येथें डोकें आपटायचें," ते म्हणाले. "सुमारें तीस किलोचा गोळा, आंत पाठ सरळ करावयास जागा नाहीं, आणि गाडी उड्या मारीत चाललेली."

अक्का चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनीं वाकून तें नखाएवढें झांकण पाहिलें. "इतक्याशा तोंडांतून तुम्ही बाहेर कसे येत होतां हो?"

"घाई असली कीं येतां येतें, ताई," दफादार म्हणाले. थोड्या वेळानें पुटपुटले, "सगळ्यांनाच नाहीं." मग कोणी कांहीं विचारलें नाहीं. चहा निवूं लागला, तेव्हां अक्कांनींच पेला त्यांच्या हातांत दिला.

सुसंस्कृत घरांत रणगाडा कशाला, याचें उत्तर आम्हांस त्या संध्याकाळीं मिळालें. चित्रपटांतला रणगाडा धडाडतो आणि पुढें जातो. त्यांत माणसें बसलीं आहेत, हें ध्यानांतहि येत नाहीं. जो मुलगा पस्तिसाव्या अंशाचें झांकण तीन वेळां घासतो, त्याला त्या झांकणांतून माणूस मावतो कीं नाहीं हा विचार करावाच लागतो. युद्धाची हौस अशानें वाढेल, असें आम्हांस वाटत नाहीं.

ज्या घरांत हा उद्योग सुरू होईल, त्यांना दोन सूचना. डिंकाच्या व रंगाच्या वाफा वाईट असतात. खिडक्या उघड्या ठेवाव्या, आणि धारदार पातें लहान मुलांच्या हातीं लागूं देऊं नये. दुसरी अधिक महत्त्वाची: एक वही करावी. प्रत्येक संशयास्पद भागापुढें त्याचा आधार लिहावा: स्वतः पाहिला, वाचला, कीं तर्क केला. तर्क करण्यास हरकत नाहीं. पण तर्काला तर्कच म्हणावें.

आमच्या नातवाची वही परवां आम्हीं सहज उघडली. टोपाच्या ओळींत, 'आधार' या रकान्यांत, पूर्वीं 'आजोबा' असें लिहिलेलें होतें. त्यावर सरळ पट्टीनें एक रेघ मारून शेजारीं लिहिलें आहे: 'दफादार आजोबा.' चाळीस वर्षें आम्हीं लाल शाईनें असंख्य वह्या तपासल्या. आमचें उत्तर इतक्या सभ्यपणें खोडलेलें आम्हीं प्रथमच पाहिलें.