मिठागरांतील अदृश्य धन

बोरीवली स्थानक सोडून लोकल दहिसर, मीरा रोडच्या पुढे भाईंदरकडे धावू लागली की मिठागरांचे चौकोनी वाफे नजरेस पडतात. खिडकीशी बसलेल्या चाकरमान्याला ती ओसाड जमीन वाटते आणि विकासकाला मोकळा भूखंड. परंतु त्या खाऱ्या पाण्यात एक संपूर्ण जीवसृष्टी नांदते आहे. समुद्राच्या पाण्यात मीठ जेमतेम साडेतीन टक्के. वाफ्यात ते त्याच्या सात-आठ पट होते, तेव्हा इतर जीवाणू मरतात आणि लवणप्रिय सूक्ष्मजीव बहरतात. पाण्यावर चढणारी गुलाबी झाक ही त्यांचीच खूण.

या जीवांची विकरे हा आजच्या चिंतनाचा विषय आहे. साबणाच्या भुकटीत, कातडे कमावताना, कापडाची खळ काढताना विकरे लागतात. मीठ वाढले की सामान्य विकरांचे काम थंडावते. लवणप्रियांची विकरे मात्र आपल्या पृष्ठभागावर पाण्याचा थर धरून ठेवतात व तेथेही काम करतात. शिवाय त्यांच्या संवर्धनपात्रात इतर जंतूंचा शिरकाव सहसा होत नाही, म्हणून निर्जंतुकीकरणाचे इंधन वाचू शकते. आणि त्यांचे खाद्य? बटाट्याच्या साली, धान्याचा कोंडा, पनीरची निवळी, कोळंबीची टरफले. लोणच्याच्या कारखान्यातील खारवणीचे पाणी तर मिठासकट आयतेच मिळते! ज्या बोरीवलीने गोराईच्या कचराभूमीची दुर्गंधी वर्षानुवर्षे सोसली, तिला या उष्ट्या संपत्तीचे मोल वेगळे सांगावयास नको.

अडचणी नाहीत असे नाही. मीठ पोलादी पात्रे कुरतडते; उरलेले खारे पाणी पुन्हा वापरले नाही, तर एका प्रदूषणाच्या जागी दुसरे उभे राहील. हे अभियंत्यांचे काम आहे आणि ते आपल्या अभियंत्यांना अशक्य नाही. ठाण्यातील अ‍ॅडव्हान्स्ड एन्झाइम्ससारखा स्वदेशी उद्योग विकरांच्या बाजारात पाय रोवून उभा आहे. गोवा विद्यापीठात तेथील मिठागरांतील सूक्ष्मजीवांवर अभ्यास झाला आहे. केंद्र सरकारच्या २०२४ च्या ‘बायोई३’ धोरणातही विकरांना स्थान आहे.

मात्र त्याच २०२४ मध्ये कांजूरमार्ग, भांडुप व मुलुंड येथील सुमारे २५६ एकर मिठागर जमीन धारावी पुनर्वसनाच्या घरांसाठी देण्याचा निर्णय झाला. घरांची गरज कोणी नाकारणार नाही. पण भरावाखाली नेमके काय गाडले जाणार, याची मोजदाद कोणी करावयाची? हळदीच्या जखमेवरील उपयोगाचे अमेरिकेत १९९५ मध्ये दिले गेलेले पेटंट १९९७ मध्ये रद्द करून घेता आले, कारण आपल्यापाशी लिखित पुरावा होता. मिठागरातील जीवाणूचा पुरावा कोणत्या पोथीत सापडणार? २००२ चा जैविक विविधता कायदा सूक्ष्मजीवांनाही लागू आहे. पण ज्याची नोंदच नाही, त्याचे रक्षण कायदा तरी कसे करणार?

पुण्यात राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र आहे. मुंबईच्या महाविद्यालयांत सूक्ष्मजीवशास्त्राचे शेकडो विद्यार्थी आहेत. वाफ्यांची रग नि रग ठाऊक असलेले आगरी बांधव अजून आहेत. भूखंडाचा ताबा जाण्यापूर्वी शासनाने या तिघांना एकत्र आणून प्रत्येक मिठागराचे नमुने जतन करावेत. पहिल्या पावसात वाफे विरघळतात, तेव्हा हे काम एप्रिल-मे महिन्यांतच उरकावे लागेल.