इशारा आणि आसरा

२९ ऑक्टोबर १९९९ रोजी ओडिशाच्या किनाऱ्यावर महाचक्रीवादळ आदळले आणि सुमारे १०,००० माणसे प्राणास मुकली. हे वादळ अवचित आलेले नव्हते. उपग्रहाने ते टिपले होते, हवामान खात्याने इशाराही दिला होता. परंतु समुद्रकाठच्या कुडाच्या झोपडीत राहणाऱ्या शेतमजुराच्या कानी तो इशारा पडला असता, तरी त्याने जायचे कोठे? वादळात टिकेल असा पक्का निवारा मोजक्याच गावांना लाभलेला होता.

१२ ऑक्टोबर २०१३ रोजी ‘फायलिन’ हे तसेच प्रचंड वादळ त्याच किनाऱ्यावर आले. या वेळी सुमारे १० लाख लोकांना आधीच हलविण्यात आले आणि मृतांची संख्या ५० च्या आत राहिली. मधल्या काळात संगणक सुधारले, अंदाज अधिक अचूक झाले, हे खरेच. पुढे २०१८ मध्ये किनाऱ्यावर भोंग्यांचे १२२ मनोरेही उभे राहिले. पण केवळ यंत्राने माणसे वाचली असे मानणे ही आत्मवंचना ठरेल. यंत्राच्या जोडीला गावोगाव निवारागृहे बांधली गेली, तरुणांना शिक्षण दिले गेले, वृद्ध, अपंग आणि गरोदर स्त्रियांना नेण्याची व्यवस्था झाली, निवाऱ्यात शिजविलेले अन्न मिळाले. इशारा पाळण्याची ऐपत गरिबाला समाजाने मिळवून दिली.

महाराष्ट्राने यापासून काय घेतले? ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण दरडीखाली गाडले गेले. १५१ माणसे गेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर डोंगर कोसळला. दोन्ही वस्त्या आदिवासींच्या. इर्शाळवाडीचे नाव दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हते, असे सरकारनेच विधिमंडळात सांगितले. त्याच वर्षी देशभरच्या मोबाइलवर आपत्तीच्या इशाऱ्याची चाचणी घेण्यात आली. साधन चांगलेच आहे. परंतु ज्या वाडीला रस्ता नाही, जिचे नाव यादीत नाही, तिला त्या कर्कश आवाजाचा उपयोग किती?

दरड नेमकी कोणत्या घटकेला कोसळेल, हे आजचे विज्ञान सांगू शकत नाही. म्हणूनच धोक्याच्या प्रत्येक वाडीत पर्जन्यमापक हवा, ठरलेल्या मर्यादेपलीकडे पाऊस गेला की उघडणारा सुरक्षित निवारा हवा, आणि तेथे जाणाऱ्याची बुडालेली मजुरी भरून मिळायला हवी. गुरे, भांडीकुंडी आणि उद्याचा रोज यांच्या चिंतेपायी माणूस घर सोडत नाही. त्याला अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे आहे; त्याची चिंता दूर करणे हे शासनाचे कर्तव्य आहे.

हे कर्तव्य आपोआप पार पडणार नाही. पावसाळ्यापूर्वी प्रत्येक ग्रामसभेत कार्यकर्त्यांनी तीन प्रश्न विचारले पाहिजेत: यादीत कोणती वाडी नाही? इशारा कोणापर्यंत पोहोचत नाही? आणि इशारा पोहोचल्यावर जायचे कोठे? या प्रश्नांची उत्तरे दरड कोसळण्याआधी मिळवायची आहेत. नंतर उरतात ती मदतीचे धनादेश आणि मंत्र्यांचे दौरे.