टोपिक आणि गैरहजर श्रोता

परकीयांचे कोरियन भाषेवरील प्रभुत्व मोजणारी ‘टोपिक’ ही परीक्षा १९९७ मध्ये सुरू झाली. त्या काळी कोरियन गाणी आणि मालिका आजच्यासारख्या जगाच्या घराघरांत शिरलेल्या नव्हत्या. आज ही परीक्षा विद्यापीठातील प्रवेश, शिष्यवृत्ती, नोकरी, व्हिसा अशा अनेक दारांवर राखणीला बसली आहे. राखणदाराविषयी माणसे सहसा दोनच प्रकारे बोलतात. आत सोडले तर कौतुकाने, नाही सोडले तर रागाने. आम्हांला या दोन्हींत रस नाही. परीक्षा कठीण आहे की सोपी, हाही आमचा प्रश्न नव्हे. जी भाषा ऐकणाऱ्याकडे पाहिल्याशिवाय साधे वाक्यदेखील पुरे करीत नाही, तिची परीक्षा ऐकणाऱ्याला खोलीबाहेर बसवून घेतली तर नेमके काय मोजले जाते, एवढेच आम्ही विचारू इच्छितो.

विधान जरा उलगडून सांगायला हवे. मराठीत ‘पाऊस पडतोय’ हे वाक्य आपण आजोबांना सांगतो, धाकट्या भावालाही सांगतो. वाक्य तेच राहते. आपला आदर आणि सलगी ‘तू’, ‘तुम्ही’, ‘आपण’ या सर्वनामांत आणि त्यांच्यामागून येणाऱ्या क्रियापदांत असते; पावसाला त्याच्याशी काही देणेघेणे नाही. कोरियनमध्ये ही सोय नाही. मित्राला ‘पिगा वा’, शेजाऱ्याला ‘पिगा वायो’, सभेत किंवा बातम्यांत ‘पिगा ओम्निदा’ आणि छापील मजकुरात ‘पिगा ओन्दा’. पाऊस एकच; क्रियापदाचा शेवट मात्र श्रोत्याप्रमाणे बदलतो. उलट ‘तू-तुम्ही’च्या अर्थाची सर्वनामे कोरियन माणूस शक्य तेथे टाळतोच. नाते सांगण्याचा सगळा भार क्रियापदावर.

मराठी विद्यार्थ्याला या भाषेची वाक्यरचना घरच्यासारखी वाटते. आधी कर्ता, मग कर्म, शेवटी क्रियापद. नामाला मागून चिकटणारे प्रत्यय. ‘जाऊन’, ‘करून’, ‘बघून’ यांसारखी रूपे जोडत वाक्य लांबवण्याची सवय. इंग्रजीभाषकाला जे उलटे चालणे वाटते, ते आपल्याला सरळ चालणे असते. पण आपण कोणाशी बोलतो आहोत हे प्रत्येक वाक्याच्या शेवटी ठरवण्याची सक्ती आपल्यालाही नवी आहे. ती तक्ते पाठ करून येत नाही. समोरच्याच्या भुवया वर गेल्या की येते.

या सक्तीचा परीक्षेने विचारच केलेला नाही, असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. वरच्या गटाच्या, म्हणजे तिसऱ्या ते सहाव्या पातळीच्या, कागदावरील परीक्षेत लेखनाला ५० मिनिटे आणि चार प्रश्न असतात. क्रमांक ५१ मध्ये बहुधा एखादी सूचना, पत्र किंवा ईमेल असते आणि रिकाम्या जागी नम्र रूपच शोभते. क्रमांक ५२ हा माहितीपर उतारा. तेथे ‘-दा’ने संपणारे, कोणालाही उद्देशून नसलेले रूप हवे. पुढे ५३ मध्ये आकडेवारी पाहून २०० ते ३०० अक्षरे लिहायची आणि ५४ मध्ये ६०० ते ७०० अक्षरांचा निबंध. दोन्ही चौकटी आखलेल्या कागदावर आणि दोन्ही त्याच ‘-दा’मध्ये. वसतिगृहात नि दुकानात सदैव ‘-यो’ लावून बोलणारा विद्यार्थी येथे प्रथमच आपले मत कोणाच्याही तोंडाकडे न पाहता मांडतो. अनेकांना हे रूप उद्धट वाटते, आणि ते तसे नाही हे कळायला बराच सराव लागतो. आमच्या मते संपूर्ण परीक्षेतील हा सर्वांत चांगला भाग आहे.

दुर्दैवाने निबंधाची तऱ्हा आपल्या शालान्त परीक्षेसारखीच झाली आहे. स्तुतीचे परिणाम, सुसंवादाचे महत्त्व, इतिहास का जाणावा, असे विषय येऊन गेले आहेत. आणि कोणत्या दोन-तीन उपप्रश्नांची उत्तरे निबंधात यावीत हेही प्रश्नातच सांगितलेले असते. मग शिकवणीवर्ग साचे पुरवतात. पहिले वाक्य असे, उलट बाजू तशी, शेवटी ‘म्हणून’. आपल्याकडच्या ‘अपेक्षित प्रश्नसंचा’वर वाढलेल्या पिढीला हे काही समजावून सांगायला नको.

त्यातही हा निबंध लिहिलाच पाहिजे असे नाही. २०१४ मध्ये परीक्षेची नवी रचना आली. शब्दसंग्रह-व्याकरणाचा स्वतंत्र विभाग गेला आणि त्याबरोबर प्रत्येक विभागात किमान गुण मिळवण्याची अटही गेली. तेव्हापासून वरच्या गटात श्रवण, लेखन व वाचन यांना प्रत्येकी १०० गुण असून चौथ्या पातळीला ३०० पैकी १५० आणि पाचव्या पातळीला १९० गुण पुरतात. वाचकांनी बेरीज करून पाहावी. श्रवणात ७५ आणि वाचनात ७५ मिळवणारा उमेदवार लेखनाच्या कागदावर अक्षरही न उमटवता चौथ्या पातळीला पोचतो. दोन्हींत ९५ मिळवणारा, निदान कागदोपत्री, पाचव्याही. पदवी हाती पडण्यापूर्वी परदेशी विद्यार्थ्याकडून पुष्कळ विद्यापीठे चौथ्याच पातळीची अपेक्षा ठेवतात. म्हणजे चार पर्यायांतून एक निवडण्याच्या कौशल्यावर माणूस पदवीपर्यंत जाऊ शकतो. (एवढे करून प्रमाणपत्राची मुदत दोनच वर्षे. भाषा औषधाच्या बाटलीसारखी तारखेबरहुकूम निकामी होते, ही कल्पना कार्यालयाच्या सोयीची आहे, भाषेच्या अनुभवाची नव्हे. असो.)

आणि बोलणे? परीक्षा सुरू झाल्यावर तब्बल पंचवीस वर्षांनी, २०२२ च्या नोव्हेंबरात, संभाषणाची स्वतंत्र टोपिक परीक्षा आली. सहा प्रश्न, सुमारे अर्धा तास, संगणकासमोर. पडद्यावर चित्र येते, कानात प्रश्न येतो, तयारीचे काही सेकंद उलटतात आणि मग ध्वनिग्राहकात बोलायचे. पलीकडून ‘हं’ नाही, नापसंती नाही, ‘म्हणजे काय?’ नाही. एखाद्या प्रश्नात कोणाचे तरी सोंग घेऊन कोणाला तरी काही सांगायचे असते, तेव्हाही तो ‘कोणी तरी’ गप्पच राहतो. नाही त्यापेक्षा हे बरे, हे आम्ही मान्य करतो. पण ही परीक्षा निराळी, तिचे शुल्क निराळे. प्रवेशासाठी किंवा पदवीसाठी सक्ती जुन्याच परीक्षेची असेल तर ही दुसरी देण्यास किती जण जातील?

येथवर विद्यार्थ्यांविषयी बोललो. त्यांचे नुकसान फार तर विद्येचे होते. जिथे हातापायांचा प्रश्न येतो, अशी आणखी एक परीक्षा आहे आणि तिच्याकडे जाण्याची वाट आमच्यासारख्यांना एका किरकोळ कारणाने सापडली. मराठीतून कोरियन शिकवणारी पुस्तके दुर्मीळ; देवनागरीत कोरियन उच्चार छापलेले पुस्तक हवे तर ते बहुधा नेपाळी निघते. त्या उच्चारांवर फार विसंबू नये हेही खरेच. चंद्र, मुखवटा आणि मुलगी या तीन अर्थांचे कोरियन शब्द केवळ पहिल्या व्यंजनाच्या तीन छटांनी वेगळे होतात. आपण ते ‘ताल’, ‘थाल’, ‘त्ताल’ असे लिहू, पण पहिल्याचा ‘त’ कधी आपल्याला ‘द’सारखाही ऐकू येतो आणि तिसरा आपल्या कोणत्याच वर्णात नीट बसत नाही. तरीही ही पुस्तके निघतात आणि खपतात, कारण ती ज्यांच्यासाठी आहेत त्यांना मालिका पाहायच्या नसून कारखान्यात किंवा शेतावर कामाला जायचे असते.

२००४ च्या ऑगस्टपासून कोरियात रोजगार परवाना पद्धत लागू आहे. नेपाळ, बांगलादेश, श्रीलंका, व्हिएतनाम अशा ठरावीक देशांशी करार करून तेथील कामगार नेले जातात. भारत या यादीत नाही. निवडीची पहिली पायरी म्हणजे ‘ईपीएस-टोपिक’. नावात टोपिक असले तरी ही परीक्षा वेगळी आणि तिची चालक संस्थाही वेगळी. ऐका आणि खूण करा, वाचा आणि खूण करा. चित्रातली हातोडी ओळखा, धोक्याची पाटी ओळखा, साहेबाने काय आणायला सांगितले ते ओळखा. लेखन नाही, निबंध नाही, मत तर नाहीच. एकाच भाषेच्या दोन परीक्षा शेजारी ठेवल्या की दिसते, विद्यार्थ्याने निदान कागदावर तरी इतिहास का जाणावा हे सांगावे आणि कामगाराने सांगितलेले समजून घ्यावे.

या व्यवस्थेची बाजूही लक्षात घेतली पाहिजे. तिच्याआधीच्या औद्योगिक प्रशिक्षणार्थी योजनेत दलालांनी कामगारांना भरपूर लुबाडले होते. यंत्राने तपासलेल्या उत्तरपत्रिकेत वशिला चालत नाही. या पारदर्शकतेसाठी परवाना पद्धतीला २०११ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा लोकसेवा पुरस्कारही मिळाला. परीक्षेच्या पाठ्यपुस्तकात कामाचा करार, मजुरी, विमा यांवरचे पाठ आहेत. तोंडी परीक्षा आली की परीक्षक आला, आणि परीक्षक आला की त्याचा मेहुणा आला, ही भीती आपल्याकडच्या माणसाला तरी अनाठायी वाटू नये.

तरीही प्रश्न उरतोच. पुस्तक कामगाराला ‘इरि ओसेयो’ शिकवते, म्हणजे ‘इकडे या’. कारखान्यात त्याच्या कानावर पडते ‘इरि वा’, म्हणजे ‘ये इकडे’. कोरियनमध्ये याला ‘पान्माल’ म्हणतात आणि मराठीत आपण अरेतुरे म्हणतो. वयाने मोठ्या असलेल्या परदेशी कामगारालाही सर्रास पान्मालमध्ये बोलावले जाते, ही तक्रार कोरियातील स्थलांतरित कामगार वर्षानुवर्षे करीत आले आहेत. उत्तर मात्र त्याने ‘-यो’ लावूनच द्यायचे. या पद्धतीत मालक बदलण्यावरही कडक मर्यादा असल्याने समोरचा माणूस बदलण्याचा मार्गही अरुंद. अशा वेळी ‘यंत्राचे झाकण निघाले आहे, मी हात घालणार नाही’ हे वाक्य नम्र राहूनही ठामपणे उच्चारता येणे, हेच त्याचे भाषाप्रावीण्य. चार पर्यायांतून योग्य वाक्य ओळखणे आणि संतापलेल्या मुकादमासमोर ते स्वतः जुळवणे यांत किती अंतर असते, हे परकी भाषा बोललेल्या कोणालाही ठाऊक आहे.

म्हणून आमची मागणी माफक आहे. विद्यार्थ्यांच्या परीक्षेत लेखनासाठी किमान गुणांची अट पुन्हा आणावी. कामगारांच्या परीक्षेची निवड यंत्राकडेच राहू द्यावी, परंतु निवड झाल्यावर आणि कामावर रुजू होण्यापूर्वी जे प्रशिक्षण दिले जाते त्यात नकार, तक्रार आणि ‘पुन्हा सांगा’ या तीन गोष्टी माणसासमोर माणूस बसवून बोलून घ्याव्यात. त्यात उत्तीर्ण-अनुत्तीर्ण ठेवू नये, म्हणजे वशिल्याला जागाच राहत नाही.

हे सारे दूरदेशीचे आहे असे मात्र समजू नये. रांजणगावात एलजीचा कारखाना आहे, तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना घेण्याचा करार हुंडाईने २०२३ मध्ये केला आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने माध्यमिक शाळेत शिकवता येणाऱ्या परकी भाषांमध्ये कोरियनचे नाव घातले आहे. कोरियन येणाऱ्या मराठी मुलामुलींना दुभाष्याचे काम मिळू लागले की त्यांची लायकी टोपिकच्या पातळीवरूनच मोजली जाणार. कल्पना करा, कोरियन अभियंता यंत्रापाशी उभ्या असलेल्या पन्नाशीच्या मराठी कामगाराकडे बोट दाखवून पान्मालमध्ये म्हणतो, ‘इगो प्पे’. दुभाष्याने ‘हे काढ’ म्हणायचे की ‘हे काढा’? आणि कामगाराने चिडून दिलेले उत्तर कोणत्या शेवटाने परत न्यायचे? निर्णय यंत्रांच्या गोंगाटात, एका श्वासात घ्यायचा असतो. टोपिकच्या कोणत्याही विभागात हा प्रश्न विचारलेला नाही.