खटला आपला, वकील बाहेरचा

एप्रिलमध्ये पीयूसीचा निकाल लागला की आमच्या शाखेत एज्युकेशन लोनची चौकशी करणाऱ्या पालकांची रांग लागते. माझे टेबल कर्जाचे नाही. तरीही आत मराठी बोलणारा माणूस आहे हे कळले की खेड्यापाड्यातून आलेली मंडळी आधी माझ्याकडेच येतात. असेच एक गृहस्थ आले. मुलगी दहावीपर्यंत मराठी शाळेत, पुढे कॉमर्स, मार्क उत्तम. म्हणाले, "पोरगी वकील व्हायचं म्हणते. ते बेंगळूरचं नॅशनल लॉ स्कूल आहे बघा, त्याचा फॉर्म कुठं मिळतो?"

मला सांगावे लागले की फॉर्म भरण्याची मुदत दिवाळीच्या आसपासच संपली आणि परीक्षा डिसेंबरमध्येच झाली. ते काही बोलले नाहीत. पिशवीतली मार्कलिस्ट पुन्हा घडी घालून ठेवली आणि गेले. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. कन्नड आणि इंग्रजी कागद पाहून धास्तावणारा शेतकरी माणूस तो. पण बेळगाव शहरात पिढ्यान्पिढ्या राहणारे, स्वतःला जाणते म्हणवणारे आपण काय करत होतो?

आपण सत्कार करत होतो. दरवर्षी जूनमध्ये गुणगौरव होतो. शाल, गुलाबाचे फूल, शब्दकोश आणि पाऊण तासाचे अध्यक्षीय भाषण. त्या व्यासपीठावरून आजवर किती जणांनी मुलांना क्लॅट हा शब्द सांगितला? मी स्वतः चार वेळा सूत्रसंचालन केले आहे. मीही सांगितला नाही.

आता हे ज्याच्या त्याच्या घरचे प्रकरण आहे, मंडळाच्या पत्रिकेत कशाला, असे कोणी म्हणेल. त्यांना आठवण करून देतो. महाराष्ट्राने सीमाप्रश्नाचा दावा सर्वोच्च न्यायालयात २००४ साली दाखल केला. तेव्हापासून आपले राजकारण तारखेभोवती फिरते आहे. तारीख पडली, पुढे गेली, मुंबईहून कोण मंत्री आले, कोण ज्येष्ठ वकील उभे राहणार, याच्या बातम्या आपण चहाबरोबर वाचतो. दावा दाखल झाला त्या वर्षी जन्मलेले मूल २०२२च्या सुमारास बारावी झाले. पाच वर्षांचा विधी अभ्यासक्रम धरला तर २०२७ मध्ये ते सनद घेऊन उभे राहते. म्हणजे खटला चालू असतानाच आपल्याला आपल्या घरात वकील घडवता आला असता. आपण मात्र मुलांना इंजिनिअरिंगला घातले, आणि ती पुण्याला निघून गेली. (माझा पुतण्याही त्यात आहे, तेव्हा हा टोमणा मलाही लागतो.)

आणि प्रश्न एकट्या त्या दाव्याचा नाही. भूसंपादनाची नोटीस कन्नडमध्ये येते, उतारा कन्नडमध्ये, अपील करायचे तर धारवाडचे खंडपीठ. भाषिक अल्पसंख्याकांचे हक्क संविधानाच्या ३५०अ आणि ३५०ब या कलमांत लिहिलेले आहेत. मोर्चात आपण ते हातात फलक घेऊन वाचतो. अर्जाच्या परिच्छेदात ते नेमके कुठे घालायचे हे जाणणारा माणूस शोधायला मात्र आपल्याला बाहेर जावे लागते.

क्लॅट म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. २००८ पूर्वी प्रत्येक राष्ट्रीय विधी विद्यापीठाची परीक्षा वेगळी असे. त्या वर्षापासून सामाईक परीक्षा सुरू झाली. आज वीसहून अधिक विद्यापीठे तीतून प्रवेश देतात, दिल्लीचे तेवढे वेगळी परीक्षा घेते. दोन तास, एकशेवीस प्रश्न, चुकीला पाव गुण वजा. कायद्याचे आधीचे ज्ञान लागत नाही. सुमारे साडेचारशे शब्दांपर्यंतचा उतारा वाचायचा आणि त्यावरची उत्तरे द्यायची. इंग्रजी, चालू घडामोडी, कायदेविषयक तर्क, सामान्य तर्क आणि थोडे दहावीच्या पातळीचे गणित. सगळे इंग्रजीतच. ती भारतीय भाषांतूनही व्हावी म्हणून २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात याचिका झाली. मागणी न्याय्यच आहे. महाराष्ट्राची पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाची सीईटी मराठीतही होते, मग देशाची का नको? पण त्या निकालाची वाट पाहत आणखी एक पिढी बसवून ठेवायची काय? उतारा समजून घेण्याची सवय मराठी शाळेतच चांगली लागते, हे मी अनुभवाने सांगतो. कमी पडतो तो इंग्रजी वाचनाचा वेग. तो बारावीच्या सुट्टीत येत नाही, नववीपासून रोज वर्तमानपत्र वाचले तर येतो.

आता जी गोष्ट काहींना टोचेल ती लिहितो. बेंगळूरच्या लॉ स्कूलमध्ये कर्नाटकातील विद्यार्थ्यांसाठी पंचवीस टक्के जागा आहेत. राज्य सरकारने २०२०मध्ये कायद्यात दुरुस्ती करून हे आरक्षण आणले, उच्च न्यायालयाने त्याच वर्षी ते रद्द केले, आणि नंतर विद्यापीठाने ते स्वतःच्या धोरणात घेतले. अट एवढीच की कर्नाटकातील मान्यताप्राप्त शाळा-महाविद्यालयात किमान दहा वर्षे शिक्षण झालेले असावे. मातृभाषा कोणती, हे त्यात विचारलेले नाही. येळ्ळूरच्या मराठी शाळेत पहिलीपासून शिकलेली मुलगी त्यात चपखल बसते.

"आपण कर्नाटकचा कोटा मागायचा?" हा प्रश्न मला एका ज्येष्ठांनी बैठकीत विचारला, आणि टाळ्याही पडल्या. त्यांना माझे विचारणे आहे: घरपट्टी कोणाला भरता? रेशनकार्ड कोणाचे आहे? सत्तर वर्षे आपल्या मनाविरुद्ध ज्या राज्यात ठेवले गेलो, त्याचे सगळे जाच सोसायचे आणि त्यातली एक हक्काची जागा तेवढी अभिमानापोटी सोडायची, हा कुठला हिशेब? ती जागा रिकामी राहत नाही, दुसरा कोणी घेतो. लोकमान्यांनी साहेबाच्याच विद्यापीठाची एलएलबी घेतली, लॉ क्लास चालवला, आणि १९१६ साली याच बेळगावात होमरूल लीग काढली. त्यांना पदवीने बाटवले नाही.

राहिला पैसा. शिक्षण महाग आहे, वर्षाला काही लाख लागतात, हे झाकून ठेवत नाही. पण साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला पत हमी योजनेत तारण लागत नाही, हे किती पालकांना माहीत आहे? काउंटरवर ते आपणहून सांगितले जाईलच असे नाही. तुम्ही विचारा. नाही म्हटले तर लेखी मागा.

मंडळाच्या वाचनालयात तीन मराठी दैनिके येतात, इंग्रजी एकही नाही. पुढच्या महिन्यापासून एका इंग्रजी दैनिकाची वर्षभराची वर्गणी मी भरतो. कार्यकारिणीने रविवारी सकाळी दोन तास सभागृह द्यावे आणि फॉर्म सुटला की सूचनाफलकावर तारीख लिहावी. क्लॅटला वयाची अट नाही, बारावी झालेल्यालाही पुन्हा बसता येते. त्या गृहस्थांना मी फोन केला होता. मुलगी एक वर्ष थांबायला तयार आहे. सकाळच्या साडेसातच्या बसने येईन म्हणाली.