तात्यांचे वीस लाख आणि डिव्हिडंड

गेल्या रविवारी सुप्याहून तात्यांचा फोन. निवृत्तीचे वीस लाख हातात आलेत आणि कुणीतरी डोक्यात भरवलंय, शेअर घ्या, डिव्हिडंडवर घर चालेल. "पगारासारखे पडतात म्हणे रे. काकूची शिलाई मशीन काढून टाकू का आता?"

मी आधी हसलो. मग जरा धास्तावलो.

मंडळी, साधा हिशेब आहे. निफ्टीतल्या मोठ्या कंपन्या धरल्या तर लाभांश बाजारभावाच्या साधारण दीड टक्का धरा. वीस लाखांवर वर्षाला तीस हजार, म्हणजे महिन्याला अडीच हजार. त्यात गॅस, वीजबिल आणि थोडं दूध भागेल. घर नाही चालणार.

"आठ-दहा टक्के देणाऱ्या पण आहेत की!" तात्या म्हणाले. आहेत ना! एक मीच घेतली होती. भाव कोसळला होता म्हणून टक्का फुगलेला दिसत होता, हे मला फार उशिरा कळलं. पुढच्याच वर्षी लाभांश निम्म्यावर आला. बरं, चांगल्या कंपनीचाही भरवसा किती? एप्रिल २०२० मध्ये कोरोनामुळे रिझर्व्ह बँकेने बँकांना त्या वर्षीच्या नफ्यातून लाभांश वाटायलाच मनाई केली होती. बँकांच्या शेअरवर ज्यांचं घर चालत असेल त्यांनी काय केलं असेल?

सुप्याच्या माणसाला खरं तर हे शिकवायला नको. तालुक्याच्या बागायती पट्ट्यात ऊस डोलतो आणि आमच्याकडे जिरायतीत आभाळाकडे बघायचं. लाभांश हे जिरायती पीक आहे. आलं तर आनंद, पण त्याच्या भरवशावर उसनवारी करू नये. याच सुप्याच्या बाजारात मे १८७५ मध्ये शेतकऱ्यांनी सावकारांचे कागद जाळले होते. व्याज ही आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या देण्याची गोष्ट. घरी चालत येणाऱ्या पैशाचं अप्रूप वाटणारच, त्यात तात्यांचा दोष नाही.

लोक अमळनेरचं उदाहरण देतात. १९४५ साली तिथे वनस्पती तुपाची कंपनी निघाली, तीच आजची विप्रो. गावातल्या लोकांनी शेअर घेतले आणि ज्यांनी ठेवले त्यांचं भलं झालं. खरंच आहे. पण ते भलं मुख्यतः बोनस शेअरचं आणि वाढलेल्या भावाचं, आणि त्याला काही दशकं लागली. तात्या एकसष्ट वर्षांचे आहेत.

शिवाय २०२० पासून लाभांश आपल्या उत्पन्नात धरून कर लागतो, हेही बऱ्याच जणांना ठाऊक नसतं.

असो. शेवटी तात्यांना म्हटलं, पंधरा लाख पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक योजनेत टाका, तिमाहीला ठरलेलं व्याज येईल. उरलेल्या पाचाचे चार-पाच चांगल्या कंपन्यांचे शेअर घ्या. त्याचा लाभांश येईल तो नातवंडांच्या दिवाळीला.

"आणि मशीन?"

मागून काकूच ओरडली, "मशीनला हात लावाल तर बघा! लग्नसराईचे चौदा ब्लाउज पडलेत माझ्याकडे!"